पाच सिनेमे, एक कोट

दिग्दर्शक – थांबव, थांबव! इथंच. जरा मागे घे... आणखी मागे. ही बघ. हीच ना ती, मास्तरांनी बाडात लिहिलेली?

संकलक – हीच, सर. दवाखान्यातल्या केसपेपरच्या रांगेत पाचवी. कोट घातलेली.

दिग्दर्शक – पूस तिला.

संकलक – पूस म्हणजे?

दिग्दर्शक – पूस म्हणजे पूस! माझी जुनी रिळं नवी करताना ओरखडे पुसतेस, डाग पुसतेस, बुरशी पुसतेस. गेल्या आठवड्यात माईकची सावली पुसलीस, मला पत्ता लागला नाही. तशीच ही बाई पूस.

संकलक – सर, डाग रिळावर पडलेला असतो. ही बाई चित्रात उभी आहे.

दिग्दर्शक – माझ्या चित्रात मला न विचारता जे उभं राहतं तो डागच. काय गं चिमे, बोल की! कोपऱ्यात मान खाली घालून काय शिवत बसलीस? माझ्या सिनेमात हिला तूच घुसवलीस ना?

बहीण – शिवत नाहीये, दादा. वहीतले कापडाचे नमुने सुटलेत, ते टाचतेय. आणि घुसवली नाही. रीतसर रांगेत उभी केली. पुढे चार माणसं होती, तर ती थांबली.

दिग्दर्शक – ऐकलंस? पंचेचाळीस वर्षं माझ्या सिनेमांचे कपडे हिनं सांभाळले. मला वाटायचं, बिचारी, बटणं लावते. पाच सिनेमे केले मी आयुष्यात. एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. आणि परवा भरल्या सभागृहात तो गणिताचा निवृत्त मास्तर उठतो, चाळीस पानांचं बाड फडकावतो आणि म्हणतो, तुमचे पाचही सिनेमे एकाच गावात घडतात, पुरावा म्हणजे हा हिरवा कोट. मी म्हटलं, योगायोग. मिटलं होतं तिथंच. तर माझी सख्खी बहीण, जिचा आवाज उभ्या जन्मात शेजारच्या खोलीत गेला नाही, ती उठून माईक मागते!

बहीण – माईक त्यांनीच दिला. मी ‘योगायोग नाही’ एवढंच म्हटलं.

दिग्दर्शक – एवढंच! घर पेटवायचं आणि म्हणायचं, काडी एकच ओढली.

संकलक – मास्तरांनी नकाशाही काढलाय, सर. मला पाठवला होता. दवाखाना, शाळा, कोर्ट, सगळं नदीच्या अलीकडे.

बहीण – त्यात चूक आहे. शाळा पलीकडे आहे.

दिग्दर्शक – कुठल्या नदीच्या? शाळेच्या सिनेमात नदीच नाही!

बहीण – दिसत नाही. पण पोरांच्या बुटांना गाळ असायचा. रोज सकाळी मीच लावायचे.

दिग्दर्शक – देवा रे! बरं, तुझंच खरं धरू. पाच सिनेमे, एक गाव. मग दवाखान्यातला तो देवमाणूस डॉक्टर आणि कोर्टाच्या सिनेमातला खुनी, दोघांना एकच नट आहे. डॉक्टरनं दवाखाना सोडून खून करायला घेतले का? सांग!

बहीण – नट एक असला म्हणून माणूस एक होत नाही. डॉक्टर डावखुरा होता, त्याची डावी बाही शाईनं मळलेली. खुन्याची उजवी बाही झिजलेली. वेगळी माणसं आहेत. तोंडं काय दादा, तोंडं तू भाड्यानं आणायचास. कपडे माझे होते.

संकलक – हे मास्तरांना कळवायला पाहिजे.

दिग्दर्शक – तू पुसायचं बघ! चिमे, आता नीट ऐक, मी ओरडत नाहीये. घराच्या सिनेमाचा शेवट आठव. माझा पहिला सिनेमा. धुकं आहे. बाई दार ओढून घेते. अंगावर तो हिरवा कोट. पुलाच्या दिशेनं चालायला लागते. पाठमोरी. लहान लहान होत जाते, संपलं. दिवे लागले तरी लोक खुर्चीतून उठायचे नाहीत. का? ती नदीकडे गेली म्हणून. मी दाखवलं नाही, पण शेंबड्या पोरालाही कळलं की ती आता परत दिसणार नाही.

बहीण – मला नाही कळलं.

दिग्दर्शक – तुला नाही कळलं! आणि म्हणून दोन वर्षांनी तीच बाई, त्याच कोटात, केसपेपर काढायला हजर! एवढी मोठी शोकांतिका केली मी आणि तू तिला खोकल्याचं औषध आणायला पाठवलंस!

बहीण – खोकला नव्हता. हात भाजला होता. नवीन जागा, नवीन स्टोव्ह, भडका उडाला. पट्टी बघ ना, दिसतेय. औषध लावून बांधली होती, नुसतं फडकं नव्हतं गुंडाळलं.

दिग्दर्शक – नवीन जागा?

बहीण – एक खोली. पुलापलीकडे.

दिग्दर्शक – तिला जगवलंस म्हणजे माझा सिनेमा मारलास, कळतंय का तुला? माझा पहिला सिनेमा त्या शेवटावर उभा आहे. ती जिवंत असेल तर तो शेवट म्हणजे काय? बाई फिरायला गेली!

बहीण – असेना. घरातून बाहेर पडलेल्या बाईला मरायलाच पाहिजे, असं कुठं लिहिलंय?

दिग्दर्शक – माझ्या पटकथेत लिहिलंय!

बहीण – पटकथा मी वाचली होती. त्यात ‘ती जाते’ एवढंच होतं.

संकलक – सर, एक विचारू? तो कोट आहे का अजून? रंग जुळवायला हाताशी लागेल.

दिग्दर्शक – नाही. प्रदर्शनात ठेवायला मागितला होता लोकांनी. ही म्हणाली, कसर लागली.

बहीण – कसर नव्हती. कात्री लावली होती मी. तसं सांगितलं असतं तर ओरडला असतास.

दिग्दर्शक – कात्री? त्या कोटाला?

बहीण – तिला मुलगी झाली ना. थंडीचे दिवस. नवं घ्यायची ऐपत नव्हती तिची, मग कोट उसवून मुलीला बेतला. शाळेच्या सिनेमात मधल्या सुट्टीत झोपाळ्याशी एक पोरगी उभी आहे. तोच कोट. बाह्या दुमडून शिवल्यात, वाढत्या अंगाचं पोर म्हणून. उरलेल्या पाठीचं कोर्टाच्या सिनेमात टाइपरायटरचं झाकण केलं. कोर्टाच्या आवारात टाइप करायला बसते ती. आणि तुझ्या शेवटच्या, म्हाताऱ्याच्या सिनेमात समोरच्या खिडकीत खुर्ची आहे, तिच्यावरची उशी. तेवढंच कापड राहिलं होतं.

दिग्दर्शक – म्हणजे पाचही सिनेमांत...

बहीण – दर सिनेमात एकदा. जास्त नाही. माझा नेमच होता तो. बरी आहे ना, एवढं बघायचं आणि आपल्या कामाला लागायचं. तुझ्या गोष्टीच्या मध्ये मी कधी आणली नाही तिला.

दिग्दर्शक – मध्ये आणली नाहीस, पाठीमागून आणलीस! पूस गं, पूस. दवाखान्यातली पूस, झोपाळ्याची पोरगी पूस, झाकण पूस, उशी पूस. नव्या प्रतीत मला हिरवा दोरासुद्धा नकोय.

बहीण – दादा, जुन्या रिळांना आंबट वास सुटलाय. दोन-तीन वर्षांत त्यांचा भुगा होईल, हीच म्हणाली. मग ही नवी प्रत तेवढी राहणार. इथं पुसली म्हणजे ती कुठंच राहणार नाही.

दिग्दर्शक – म्हणून तर आज पुसायची.

बहीण – मग ही वही घरी जाते.

संकलक – ताई, असं नका करू. रिळं विटून पार गुलाबी झालीत. भिंती गुलाबी, झाडं गुलाबी, माणसं उकडलेल्या बिटासारखी दिसतात. खरा रंग कुठला होता ते तुमच्या वहीतल्या तुकड्यांखेरीज जगात कुठं नाही.

बहीण – माहितीये मला. म्हणून तर मांडीवर घेऊन बसलेय.

दिग्दर्शक – अडवणूक करतेस माझी?

बहीण – हो.

दिग्दर्शक – नुसतं हो? लाज, संकोच काही?

बहीण – पंचेचाळीस वर्षं ‘बरं दादा’ म्हणत आले. आज एकदा ‘नाही दादा’ म्हणते. जड जातंय, पण म्हणते.

दिग्दर्शक – मग मीही तुझाच भाऊ आहे. रंगाचं नंतर बघू. तू पुसायला घे गं. बघू कोण अडवतं.

संकलक – सर, आधी एकाच शॉटवर करून दाखवते. पक्कं काही करत नाही. ही रांग. तिच्या जागी मागची भिंत भरते... थोडा वेळ लागेल... हं. बघा.

(पडद्यावर रांग पुढे सरकते. पाचव्या जागी भिंत आहे.)

दिग्दर्शक – वा! बघितलंस चिमे? कुणाचं काय अडलं? गेली... थांब. हा मागचा माणूस कुणाशी बोलतोय?

बहीण – तिच्याशी. पेन मागतोय. रांगेत नुसतं ठोंब्यासारखं कसं उभं राहायचं, म्हणून मीच सांगितलं होतं त्याला.

दिग्दर्शक – भिंतीकडे पेन मागतोय. वेड्यांचा दवाखाना वाटतोय. त्यालाही पूस.

संकलक – पुसते... हं. आता दोन माणसांची जागा मोकळी झाली. आणि सर, आता डॉक्टर येतोय.

दिग्दर्शक – येऊ दे की.

संकलक – आला. बघा.

दिग्दर्शक – हा अंग चोरून का चाललाय? एवढी मैदानासारखी जागा पडलीये!

संकलक – तो त्या दोघांच्या मधून वाट काढतोय, सर. दोघं आता नाहीत. डॉक्टरला पुसू का?

दिग्दर्शक – तोंड सांभाळ! डॉक्टर हिरो आहे सिनेमाचा!

संकलक – नाही, आपलं विचारलं. एक पुसलं की शेजारचं उघडं पडतं. विणकामासारखं आहे हे.

दिग्दर्शक – परत आण त्यांना. आण आधी... हं. ही बाई तरी कोण होती? पाठमोरीच दिसते मेली.

बहीण – उंची.

दिग्दर्शक – कोण?

बहीण – उंची. आपली नायिका मेकअपला बसलेली असायची तेव्हा दिवे लावायला तिच्या जागी जी उभी राहायची ती. दोघींची उंची सारखी म्हणून सगळे तिला उंचीच म्हणायचे. तूसुद्धा. ‘उंचीला बोलवा, उंचीला डावीकडे सरकवा.’

दिग्दर्शक – हां, हां. असेल. ती होती होय.

बहीण – आणि घराच्या सिनेमातला तुझा तो शेवट, लोक खुर्चीतून उठायचे नाहीत तो, त्यातही तीच आहे.

दिग्दर्शक – काहीतरी काय!

बहीण – नायिका तापानं फणफणली होती. तू म्हणालास, पाठमोरंच आहे, उंचीला कोट चढवा. विसरलास?

दिग्दर्शक – ...गच्चीवर कॅमेरा लावला होता. लांबची लेन्स.

बहीण – हो. तिला सांगितलंस, मी कट म्हणेपर्यंत चालत राहायचं, मागे वळून बघायचं नाही. मग तू भोंग्यातून कट म्हणालास, त्याच वेळी मालगाडी आली. तू कॅमेरा उतरवलास, सगळे चहाला गेले. मी कपडे मोजायला बसले तर कोट कमी. म्हटलं, गेली कुठं ही? निघाले शोधत. पुलापर्यंत आले तर पुलावर कुणी नाही. कठड्यावरून खाली वाकून बघितलं मी. दोनदा.

संकलक – मग?

बहीण – मग पूल ओलांडला. पलीकडे बसचा थांबा होता, तिथं बाकावर बसली होती. नायिकेचे बूट तिला लहान, टाचा सोलून निघालेल्या. मला बघून उभी राहिली आणि म्हणाली, ताई, साहेबांनी अजून कट म्हटलं नाही ना? मी जरा टेकले, शॉट खराब झाला का?

दिग्दर्शक – हे मला कुणी सांगितलं नाही.

बहीण – तू विचारलं नाहीस. कोट आला का, एवढं विचारलंस. मी म्हटलं, आला. आणखी एक सांगते. तिला म्हटलं, पुलावर भीती नाही वाटली एकटीला? तर म्हणाली, मधोमध आल्यावर पाणी बघत थांबले होते थोडी. घरचं सगळं आठवलं. मग म्हटलं, थांबायला कुणी सांगितलंय आपल्याला? आणि चालायला लागले. दादा, तुझी बाई पूल ओलांडून गेली. मी डोळ्यांनी बघितलंय. तुझा कॅमेरा तिथवर पोचत नव्हता, त्याला मी काय करू?

दिग्दर्शक – तो... तो शूटिंगमधला घोटाळा झाला. सिनेमा वेगळा.

बहीण – तुझ्यासाठी वेगळा. मी तिच्या टाचांना मलम लावत होते तेव्हा तिच्या अंगावर तुझा सिनेमाच होता. तो कोट. आता तिला परत कशी ढकलू मी त्या पाण्यात, तुझा शेवट भारी दिसावा म्हणून?

दिग्दर्शक – भावनेत नको ओढूस मला. कोर्टाचा सिनेमा लाव गं. तिथं तरी ती कडेला असेल, फ्रेम थोडी आत घेतली की काम भागेल.

संकलक – कोर्टाचा... हा व्हरांडा. इथंच असणार.

दिग्दर्शक – हा शॉट? अगं, हा नाही! ह्याला हात नाही लावायचा. ह्या शॉटवर मी चित्रपटाच्या शाळेत तासभर बोललोय. बघ, खुन्याचा म्हातारा बाप व्हरांड्यात येतो, बावचळतो. कुठल्या दारात जायचं कळत नाही. आणि ती अनोळखी टाइपिस्ट मान वर न करता नुसता हात उचलते, ते दार दाखवते, परत टाइप करायला लागते. पोरांना सांगितलंय मी, न्याय कुठल्या दारात आहे हे कुणाला ठाऊक असतं? जिला कुणी विचारत नाही तिला! काय हात आहे बघ. घाई नाही, दया नाही. ह्या दारानं स्वतः जाऊन आलेल्या बाईचा हात...

संकलक – सर.

दिग्दर्शक – काय?

संकलक – टाइपरायटरच्या शेजारी झाकण पडलंय.

दिग्दर्शक – कसलं झाकण? जवळ घे.

संकलक – आता गुलाबी दिसतंय. मूळचं कुठल्या रंगाचं असेल, ताई?

बहीण – तुला माहितीये.

दिग्दर्शक – हा हात तू करायला सांगितलास तिला?

बहीण – नाही. मी फक्त बसवली होती तिला तिथं. म्हाताऱ्या नटाला वाक्य आठवेना, तो भांबावून तिच्याकडे बघत राहिला. तिनं आपणहून दार दाखवलं. मला वाटलं तू आता ओरडणार, कट करणार. तर तू म्हणालास, हाच टेक ठेवा.

दिग्दर्शक – हो. मीच म्हणालो.

बहीण – तुला न विचारता तिला आणलं ते मी. ठेवलंस तू.

दिग्दर्शक – चिमे, तू फार... तू भयंकर बाई आहेस. लोकांना वाटतं, गरीब गाय.

बहीण – गाईला शिंगं असतात, दादा.

संकलक – मग काय करू, सर? मशीन थांबलंय.

दिग्दर्शक – राहू दे.

संकलक – हा शॉट राहू दे?

दिग्दर्शक – सगळंच राहू दे म्हटलं ना! दोनदा काय वदवून घेतेस? रांग राहू दे, पोरगी राहू दे, उशी राहू दे. तो पेनवाला गाढवही राहू दे.

संकलक – आणि नामावलीत? पाचही सिनेमांत तिचं नाव नाहीये.

दिग्दर्शक – घाल. काय... काय होतं गं तिचं नाव?

बहीण – तिलाच विचार. जिवंत आहे. गुडघे गेलेत, पण फोन पहिल्या रिंगला उचलते.

दिग्दर्शक – मी करू?

बहीण – मग कोण? पंचेचाळीस वर्षं झाली, कट म्हणायचं राहिलंय तुझं.

दिग्दर्शक – बघतो. संध्याकाळी करतो. आता तरी दे ती वही.

बहीण – घे गं. हा हिरवा. पण हा फक्त पहिल्या सिनेमाला लाव. पाचही ठिकाणी एकच लावलास तर खोटं दिसेल.

संकलक – का? कापड तर तेच.

बहीण – कापड तेच, पण दिवस गेले ना मध्ये. दवाखान्यात खांद्यावर जरा उतरलाय, तो हा दुसरा तुकडा. मुलीच्या कोटाला मात्र आतली बाजू वर घेतली होती, म्हणून तो गडद, नव्यासारखा. टाइपरायटरचं झाकण धुऊन धुऊन पांढुरकं. आणि उशीला तर खिडकीतलं ऊन रोजचं. तिथं हिरवा असल्याची नुसती शंका आली तरी पुष्कळ.

संकलक – एवढं सगळं टाचून ठेवलंय तुम्ही.

दिग्दर्शक – ती सांगते तसं लाव. पण एक गोष्ट दोघींनी कान उघडे ठेवून ऐका. मी हरलेलो नाही. प्रत तयार झाली की एखाद्या दुपारी वर्तमानपत्रवाले येणार, मला तेच विचारणार. आणि मी छातीठोक सांगणार, पाच सिनेमे, पाच जगं, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. मरेपर्यंत हेच सांगणार.

बहीण – सांग की. तिच्या कानावर नाही जायचं. दुपारच्या वेळी ती नातीला आणायला शाळेत गेलेली असते.